चार दारांचा कोरा कागद

कॉटनवूड बेंड, नेब्रास्का
१४ सप्टेंबर २००९

प्रिय आर्डिस आत्या,

रविवारी फोन केला तर तू चार वेळा "मोठ्यानं बोल" म्हणालीस आणि पाचव्यांदा मी मोठ्यानं बोलले तर "ओरडतेस कशाला" म्हणून फोन ठेवून दिलास. तेव्हा आता पत्र. बाबा म्हणतात, आर्डिसशी भांडायचं असेल तर लेखी भांडावं, निदान पुरावा राहतो.

तर बातमी अशी की मला नोकरी लागली. सातवीचं गणित. तुझ्या घराण्यातली दुसरी गणित शिक्षिका, आणि तू अजून त्या आनंदात गोड पाय भाजलेला नाहीस. तुझा तो रुबार्बच्या आंबट देठांचा पाय मी येऊन खाईनच.

माझ्या वर्गात सव्वीस मुलं आहेत. बहुतेकांचे आईवडील मांसाच्या कारखान्यात कामाला. घरी स्पॅनिश बोलतात, चार मुलींच्या घरी सोमाली. गणित येतं गं त्यांना. इत्सेल नावाची एक मुलगी आहे, तिला समीकरण दिलं की पेन्सिल न उचलता सोडवते. पण "सहगुणक ओळखा" असं लिहिलं की ती माझ्याकडे असं बघते जणू मी तिला कुणा गुन्हेगाराला ओळखायला सांगितलंय. शब्द आडवा येतो. गणित पलीकडे उभं असतं.

म्हणून मी घड्यांचे कागद सुरू केलेत. इथल्या सगळ्या शिक्षिका करतात, मला प्रशिक्षणातही शिकवलं. कागद उभा दुमडायचा, त्याला हॉटडॉग घडी म्हणतात. मग दोनदा आडवा, ती हॅम्बर्गर घडी. पुढच्या पदराला तीन काप दिले की चार दारं तयार. दारावर शब्द, दार उघडलं की आत अर्थ आणि एक उदाहरण. चल, स्थिरपद, सहगुणक, सजातीय पदं. मुलं रंगवतात, वहीत चिकटवतात. सोबत एक नमुना पाठवते आहे.

आमच्या मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं: एका वर्षाचा करार आहे, एप्रिलमध्ये राज्याची परीक्षा आहे, माझ्या वर्गाचा निकाल वर सरकला नाही तर मे महिन्यात माझी उचलबांगडी.

तुझ्याकडे कात्र्या आहेत का? वर्गात सात आहेत आणि त्यातल्या दोन कागदाला नुसत्या गुदगुल्या करतात.

तुझी,
जनेल

---

लॉरेल फोर्क
२१ सप्टेंबर २००९

जनेल,

पत्र मिळालं. सोबतचं ते कागदी कपाटही मिळालं.

मी सदतीस वर्षं बीजगणित शिकवलं. खडू, फळा आणि माझा चेहरा, एवढंच सामान होतं. कुणाला काही चिकटवावं लागलं नाही. माझ्या वर्गात कुणी "हॉटडॉग" म्हणालं असतं तर मी त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर उभं केलं असतं. सातवीच्या सव्वीस पोरांच्या हातात कात्र्या द्यायला तू शिक्षिका आहेस की न्हावी?

तुझा कागद मात्र वाया गेला नाही. स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगत होतं. त्याच्या पायाखाली ठेवला. आता डुगडुगत नाही. शिक्षणशास्त्राचा मला झालेला हा पहिला उपयोग.

आणि काय गं, सहगुणकाच्या दारामागे तू "चलाच्या आधी लिहिलेला आकडा" असं खरडलं आहेस. नुसता क्ष असेल तर? आधी काहीच लिहिलेलं नसतं. तरी सहगुणक असतो, आणि तो एक असतो. दिसत नाही म्हणजे नाही असं नाही. हे पोरांना कोण सांगणार, हॅम्बर्गर?

आता खरं बोलायचं तर परीक्षेच्या खोलीत तुझी दारंबिरं नसणार. वह्या दप्तरात, दप्तरं बाहेर. त्या दिवशी तुझी पोरं कुठलं दार उघडणार आहेत? कागद काढून घे एकदा त्यांच्यापुढून, आणि मग काय उरतं ते मला कळव. उरलं तर.

कात्र्या नाहीत. पाय आहे, पण तो इथे येऊन खायचा.

आर्डिस

---

कॉटनवूड बेंड
२ नोव्हेंबर २००९

आत्या,

सहा आठवडे मी तुला पत्र लिहिलं नाही, कारण मी रागावले होते. तुला कळलंच नसेल. बाबांना फोन केलास म्हणे, "पोरगी कामात असेल" म्हणून.

सहगुणकाची व्याख्या दुरुस्त केली आहे. हो, तू बरोबर होतीस. हे वाक्य कापून ठेव, परत मिळणार नाही.

आता गंमत ऐक. दर शुक्रवारी मी वह्या बंद करायला लावते आणि प्रत्येकाला एक कोरा कागद देते. कात्री नाही, रंग नाही, पेन्सिलसुद्धा नाही. नुसत्या घड्या घालायच्या, उलगडायच्या, आणि घडीच्या एकेका चौकोनावर बोट ठेवून मनात दार उघडायचं. आत काय होतं? सांगा. आम्ही त्याला कोरा शुक्रवार म्हणतो. तुझ्या टोमण्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही.

पहिला शुक्रवार म्हणजे नुसता बाजार होता. सव्वीस मुलांनी सव्वीस गोष्टी सांगितल्या, आणि एकानं सगळ्या चार दारांमागे स्वतःचंच नाव असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या शुक्रवारी निम्म्यांना दोन दारं आठवली. परवाच्या शुक्रवारी इत्सेलनं चौथ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि "सजातीय पदं" असं इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या वर्गातून भिंत ठोकली गेली. तिची आई पालक सभेत मला म्हणाली, "बाई, ही जेवताना टॉर्टियाच्या पोळीच्या घड्या घालते, बोट लावून पुटपुटते, आणि मग थंड झाल्यावर खाते. तुम्ही काय शिकवता हिला, प्रार्थना?"

कात्र्या खरंच नाहीत का?

जनेल

---

लॉरेल फोर्क
३० नोव्हेंबर २००९

जनेल,

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तू आली नाहीस. टर्की माझ्या आणि तुझ्या बापाच्या मानानं फारच मोठी होती. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो आणि ती आमच्याकडे.

सोबतच्या खोक्यात तीस कात्र्या आहेत. आमची शाळा बंद झाली तेव्हा कला वर्गाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहिली होती. चोरी म्हण हवं तर. तिथे आता कुणी मूल नाही, एक उंदीर आहे, आणि त्याला कात्री लागत नाही. सगळ्यांना तेल दिलंय. पोरांना म्हणावं, टोक खाली धरून चालायचं.

टेबल पुन्हा डुगडुगायला लागलंय. तेव्हा तसला आणखी एक कागद पाठव. एकचल समीकरणांचा असेल तर बरं. असमानतेचाही चालेल. टेबलाला चार पाय आहेत.

आर्डिस

ता. क. टॉर्टिया थंड करून खाल्ला तरी चालतो म्हणावं त्या माउलीला. पोरगी हुशार आहे.

---

कॉटनवूड बेंड
८ फेब्रुवारी २०१०

आत्या,

चारही पायांसाठी चार कागद सोबत. टेबलाचा अभ्यास चांगला चाललेला दिसतोय.

सराव परीक्षा झाली. सप्टेंबरमध्ये नऊ मुलं पास होती, आता सतरा! मी कर्मचाऱ्यांच्या खोलीत नाचले आणि कॉफीचं भांडं पाडलं.

आता राज्याच्या परीक्षेची तयारी सुरू झाली आहे, म्हणजे भिंती झाकायची. परीक्षेचं सगळं मिसेस हॅल्व्हरसनकडे असतं. बाई वाईट नाहीत, पण नियमांची पुस्तिका उशाखाली घेऊन झोपत असाव्यात. भिंतीवरचा प्रत्येक शब्द तपकिरी कागदाखाली गेला पाहिजे. तक्ते झाकले, संख्यारेषा झाकली, ग्रंथालयाचं वेळापत्रक झाकलं. मी सहज म्हटलं, घड्याळावर पण आकडे आहेत हो. त्या थांबल्या. विचार केला. घड्याळ झाकलं.

मुलांना परीक्षेत फक्त पेन्सिल आणि कच्च्या कामासाठी एक कोरा कागद मिळणार. मोजून देणार, मोजून परत घेणार.

जनेल

---

कॉटनवूड बेंड
२३ एप्रिल २०१०

आत्या,

फार वाईट झालंय. आधी सगळं वाच, मग ओरड.

मंगळवारी परीक्षा होती. मी वर्गात होते, पण बोलायची परवानगी नव्हती, पर्यवेक्षक मिसेस हॅल्व्हरसन होत्या. त्यांनी पुस्तिकेतल्या सूचना वाचल्या, कोरे कागद वाटले आणि म्हणाल्या, "सुरू करा." सव्वीस मुलांपैकी एकानंही प्रश्नपत्रिका उघडली नाही. सगळ्यांनी एकदम कोरा कागद उचलला आणि दुमडला. खोलीत एकच सर्र आवाज झाला. इत्सेल सवयीनं पुटपुटली, "हॉटडॉग." मागच्या रांगेतून कुणीतरी उत्तर दिलं, "हॅम्बर्गर." मग पुन्हा सर्र. मग सव्वीस बोटं चौकोनांवर फिरायला लागली आणि ओठ हलायला लागले.

मी त्यांना हे करायला सांगितलं नव्हतं. माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांना वाटलं, कोरा कागद मिळाला म्हणजे हेच करायचं असतं.

मिसेस हॅल्व्हरसननी भिंतीवरचं बटण दाबलं आणि सरळ कार्यालयाला कळवलं. अहवालात काय लिहिलंय ते जसंच्या तसं देते: "विद्यार्थ्यांनी पूर्वनियोजित खुणेनुसार एकाच वेळी कागद दुमडले. खाद्यपदार्थांच्या नावांची सांकेतिक भाषा ऐकू आली." मी त्यांना समजावायला गेले, तर त्यांनी सरळ प्रश्न विचारला, "कोरा कागद दुमडून मुलांना काय मिळतं?" आणि आत्या, जे मिळतं ते दाखवता येत नाही ना.

अकरा मे, मंगळवार, दुपारी चार वाजता शाळेच्या ग्रंथालयात चौकशी आहे. मुख्याध्यापक प्रोकॉप आणि शाळा मंडळाचे तिघे. कॉपी ठरली तर माझी नोकरी जाईल, आणि शिकवायचा परवानाही जाऊ शकतो. पण ते सोड. सव्वीसही पेपर रद्द होतील. पेपर रद्द झालेल्यांना पुढच्या वर्षी बीजगणित मिळत नाही, पुन्हा सातवीचंच गणित. इत्सेलला पुन्हा सातवीचं गणित, कल्पना कर.

कोऱ्या कागदाची कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी. तू यात पडू नकोस. काहीही करू नकोस. कृपा कर.

जनेल

---

लॉरेल फोर्क
२७ एप्रिल २०१०

जनेल,

ठीक आहे. मी काही करणार नाही. मी एक म्हातारी बाई, मला काय कळतंय.

पण तुझ्या मुख्याध्यापकाचं नाव तू आठ महिन्यांनी सांगतेस? डुएन प्रोकॉप? तो उंच, डाव्या हातानं लिहिणारा? बाप धान्याच्या कोठारावर कामाला होता तो? सन ऐंशीला तो माझ्या सातवीत होता. दुसऱ्या रांगेत बसायचा आणि पाठीला पोक काढायचा.

आणि "कल्पना माझी" म्हणून तू सांगितलंस? माझं सप्टेंबरचं पत्र काढून वाच जरा. कागद काढून घे, असं कुणी लिहिलं होतं? सदतीस वर्षांत माझ्या नावावर एकच नवीन कल्पना जमा झाली, आणि तीसुद्धा माझ्या भाचीनं ढापली.

काळजी करू नकोस. नीट जेव. केस बांधून जा.

तारीख कुठली म्हणालीस? कॅलेंडरवर टिपून ठेवते. नुसतं माहिती असावं म्हणून.

आर्डिस

---

कॉटनवूड बेंड
१५ मे २०१०

प्रिय आत्या,

मंगळवारी भाषण ठोकून झाल्यावर तू कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलंस आणि हसतमुखानं बसून राहिलीस. सगळ्यांना वाटलं, बाई किती लक्ष देऊन ऐकताहेत. गाडीत बसताना तू "राहिली का नोकरी?" एवढंच विचारलंस, मी होकाराची मान हलवली आणि तू धुरळा उडवून गेलीस. त्यामुळे मधलं सगळं लिहून कळवणं भाग आहे.

पण आधी तुझंच तुला सांगते, कारण तू स्वतःला पाहिलं नाहीस. तीन तास पिकअप चालवून, हातात रुबार्बचा पाय घेऊन, कुणी बोलावलं नसताना तू ग्रंथालयाचं दार ढकललंस आणि मुख्याध्यापक प्रोकॉप उभे राहिले. त्रेचाळीस वर्षांचा माणूस. त्यांनी टाय सरळ केला. तू म्हणालीस, "बस डुएन. पाठ सरळ." ते बसले, आणि पाठ सरळ केली. मंडळाचे तिघंही सरळ बसले, तुझ्याकडे कधी शिकलेले नसताना.

मग तू म्हणालीस, "कोऱ्या कागदाची कल्पना माझी. पोरगी खोटं बोलते आहे, तिला घराण्याची सवय आहे. शिक्षा करायची तर मला करा, माझा परवाना दहा वर्षांपूर्वीच संपलाय." आणि मग पर्समधून तू माझा सप्टेंबरचा कागद काढलास.

टेबलाखालचा ना गं तो? त्याच्यावर टेबलाच्या पायाचा डाग कुठे नव्हता. घड्या मऊ होऊन कापडासारख्या झाल्या होत्या. चारही दारांमागे लाल शाईच्या दुरुस्त्या होत्या आणि कोपऱ्यात "दहापैकी सात".

शेवटी तू प्रोकॉपना म्हणालीस, "डुएन, तू सातवीत बाकाखाली हात घालून बोटांवर मोजायचास. तुला वाटायचं मला दिसत नाही. मला रोज दिसायचं. मी कधी अहवाल लिहिला का?" एवढं बोलून तू यंत्र काढलंस.

आता पुढचं. प्रोकॉप स्वतःच्या बोटांकडे बघत होते. मिसेस हॅल्व्हरसन म्हणाल्या, भावना ठीक आहेत, पण कोऱ्या कागदातून मुलांना नेमकं काय मिळालं हे अजून कुणी सांगितलेलं नाही. मग प्रोकॉपनी इत्सेलला आत बोलावलं. ती आईबरोबर बाहेर बसली होती, आई कारखान्याच्या रबरी बुटांतच आली होती. त्यांनी इत्सेलसमोर एक कोरा कागद ठेवला. पेन्सिल दिली नाही.

ती म्हणाली, "घडी घालू? इथे चालते का?"

"घाल."

तिनं घातली. मंडळातले एक आजोबा पुढे वाकले, त्यांना वाटलं आता काहीतरी बाहेर येणार. इत्सेलनं पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि चल म्हणजे काय ते सांगितलं. मग दुसरा. तिसऱ्यावर ती जरा थांबली, मनातलं दार उघडलं असेल, आणि सहगुणक सांगितला. प्रोकॉपनी विचारलं, "नुसता क्ष असेल तर त्याचा सहगुणक किती?"

"एक."

"कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नसतो, सर," ती म्हणाली. "तरी असतो."

मिसेस हॅल्व्हरसननी तो कागद उचलला. उजेडाकडे धरला. उलटा करून पाहिला. मग हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "यात काहीच नाही." पण यावेळी त्यांनी ते इत्सेलकडे बघून म्हटलं, आणि अहवालावर काट मारली.

पेपर रद्द झाले नाहीत. करार वाढला. तुझ्या रुबार्बच्या पायाचा एकही तुकडा उरला नाही, प्रोकॉपनी दोन खाल्ले.

एकच गोष्ट. मिसेस हॅल्व्हरसनना काहीतरी नियम हवाच होता, आणि मंडळालाही काहीतरी केल्यासारखं दाखवायचं होतं. त्यामुळे पुढच्या वर्षापासून आमच्या शाळांत नवा नियम: "कच्च्या कामाचा कागद सपाट ठेवावा. दुमडू नये." म्हणजे जिंकलो आणि हरलो. पुढच्या वर्षीच्या मुलांना मी काय सांगू?

तुझी,
जनेल

---

लॉरेल फोर्क
१९ मे २०१०

जनेल,

पाठ सरळ केली ना त्यानं? बरं झालं.

टेबलाबद्दल. टेबल कधीच डुगडुगत नव्हतं. खोटं बोलायची घराण्याची सवय आहे हे मी भर सभेत सांगितलंच आहे.

आता एक गोष्ट एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. डुएनच्याच वर्गात थुई नावाची मुलगी होती. व्हिएतनामहून आलेलं कुटुंब, चर्चच्या लोकांनी इथे आणून वसवलं होतं. तिची उत्तरं बरोबर असायची, पण प्रश्नातले शब्द तिला वाचता यायचे नाहीत. वार्षिक परीक्षेत निम्मे प्रश्न तिनं कोरे सोडले. मी तिला नापास केलं. नियम होता, मी नियमानं वागले, आणि मला त्या दिवशी वाईटही वाटलं नाही. उन्हाळ्यात ते लोक गाव सोडून गेले.

तुझा कागद आला त्या दिवशी मी तो टेबलावर पसरला आणि मला तुझा भयंकर राग आला. तीन घड्या आणि तीन काप. पाच मिनिटांचं काम होतं गं. तीस वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. म्हणून ते हॉटडॉगचे टोमणे. तुझ्यावर नव्हते ते.

मला तुझा अभिमान वाटतो. झालं लिहून.

पुढच्या वर्षीच्या पोरांना काही सांगू नकोस. नियम नियम आहे. मोडायचा नाही. बघ काय उरतं ते.

दहापैकी आठ करते.

आर्डिस

---

कॉटनवूड बेंड
२० एप्रिल २०११

आत्या,

आज परीक्षा झाली. नवी सातवी, पंचवीस मुलं. इत्सेल शेजारच्या खोलीत आठवीच्या बीजगणिताचा पेपर लिहीत होती.

मी कोरे शुक्रवार चालू ठेवले होते, पण मार्चमध्ये मुलांना नवा नियम वाचून दाखवला आणि सांगितलं, त्या दिवशी कागद दुमडायचा नाही, काहीही झालं तरी नाही. एवढंच. बाकी तू म्हणालीस तसं, काही सांगितलं नाही.

पर्यवेक्षक पुन्हा मिसेस हॅल्व्हरसन. त्यांनी कागद मोजून वाटले, नियम मोठ्यानं वाचला आणि खास माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुरू करा."

कुणीही कागदाला हात लावला नाही. पंचवीस कागद बाकांवर सपाट. मला वाटलं, संपलं. आणि मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं दोन्ही हात उचलले, बाकापासून चार बोटं वर, आणि हवेत एक घडी घातली. उभी. मग आडवी. मग पुन्हा आडवी. नीट, कडेवरून अंगठा फिरवून. तिच्यामागच्या मुलानं घातली. मग सगळ्यांनी. पंचवीस मुलं आवाज न करता रिकाम्या हवेच्या घड्या घालत होती, उलगडत होती आणि चौकोनांवर बोटं ठेवत होती. सर्रसुद्धा झालं नाही.

मिसेस हॅल्व्हरसन बघत राहिल्या. त्यांनी पुस्तिका उघडली. एक पान, दुसरं पान, मागची सूची. त्यात हवेबद्दल काहीही नव्हतं. त्यांनी पुस्तिका मिटली, खुर्चीत बसल्या, आणि शप्पथ सांगते आत्या, मांडीवर, कुणाला दिसणार नाही असं, त्यांनी स्वतःही एक घडी घालून पाहिली. मी अहवाल लिहिणार नाहीये.

जनेल

---

कॉटनवूड बेंड
२९ एप्रिल २०११

आत्या,

तुझं पाकीट मिळालं. आत फक्त एक कोरा कागद, घड्या घालून चार दारं कापलेली. काप अगदी सरळ आहेत, शाळेची एक कात्री तू स्वतःकडेच ठेवली आहेस हे उघड आहे.

शब्द एकही नाही, तरी सगळं वाचलं. पहिल्या दारामागे टोमणा आहे. दुसऱ्यामागे माझी चौकशी करायला बाबांना केलेला फोन. तिसऱ्यामागे थुई आहे, तिथे मी बराच वेळ बोट ठेवून बसले. चौथ्यामागे जे आहे ते तुझ्या कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही, तरी आहे. मला कळलं.

शनिवारी मी येते आहे. रुबार्बचा पाय करून ठेव. दहापैकी दहा.

जनेल